मठाची घंटा आणि पदभाराची यादी

ख्रिस्ती मठ म्हटला की प्रार्थना आणि मौन डोळ्यांसमोर येते. संत बेनेडिक्ट यांची सहाव्या शतकातील ७३ प्रकरणांची नियमावली वाचताना मला मात्र प्रशासनच अधिक आठवते. मध्ययुगीन युरोपातील असंख्य मठांचा दिवस तिने बांधून दिला. रात्रीच्या काळोखात एक उपासना, दिवसभरात सात. मधल्या वेळी अंगमेहनत आणि वाचन. जेवताना सर्वांनी मौन पाळावे, एकाने ग्रंथ वाचावा. उपासनेस उशिरा येणाऱ्याची जागा वेगळी. महत्त्वाच्या प्रश्नावर धाकट्यांचेही मत घ्यावे, निर्णय मठाधिपतीने करावा. कोठाराधिकाऱ्याने अवजारे वेदीवरील पवित्र पात्रांसारखी जपावीत. दिल्या-घेतल्या वस्तूंची यादी मठाधिपतीने ठेवावी. झाशीच्या सिविल लाइन्समध्ये पदभार घेताना मी ज्या यादीवर स्वाक्षरी केली, तिचा हेतू याहून निराळा नव्हता.

ही नित्याची देखरेख थांबली की काय होते, ते जुन्या गोव्यात दिसते. तेथील ऑगस्टिनियन संघाची नियमावली वेगळी, पण घंटेवर चालणारा दिनक्रम तसाच. त्यांचे भव्य चर्च १६०२ मध्ये पूर्ण झाले. पोर्तुगीज सरकारच्या धर्मसंघविरोधी धोरणामुळे १८३५ मध्ये मठ ओस पडला. १८४२ मध्ये चर्चचे छत कोसळले. १९३१ मध्ये मनोऱ्याचा अर्धा भागही ढासळला. दोन शतकांहून अधिक काळ टिकलेले छत अवघ्या सात वर्षांत गेले, कारण पावसाळ्यापूर्वी गळती पाहणे हे आता कोणाचेच काम राहिले नव्हते.