झिजलेली नळी आणि गोळीचे बूड : .३०३ रायफलीचा धडा

१/ जुनी रायफल नेम चुकवू लागली की दोष बहुधा नेमबाजाला दिला जातो. .३०३ रायफलीचा इतिहास मात्र वेगळेच सांगतो.

२/ १८८८ साली ब्रिटिश सैन्याने ली-मेटफर्ड रायफल स्वीकारली. काळ्या दारूची काजळी साचू नये, म्हणून मेटफर्डने नळीतील सात खाचा उथळ व गोलसर ठेवल्या होत्या.

३/ थोड्याच वर्षांत काळ्या दारूची जागा कॉर्डाइटने घेतली. त्यात ५८ टक्के नायट्रोग्लिसरीन होते. धूर नाहीसा झाला. पण त्या प्रखर उष्णतेने उथळ खाचा झपाट्याने झिजू लागल्या.

४/ उपाय दोन झाले. १८९५ च्या ली-एनफिल्डमध्ये पाच खोल, काटकोनी खाचा आल्या. पुढे कॉर्डाइटमधील नायट्रोग्लिसरीन ३० टक्क्यांवर आणले गेले. नळी वाचवण्यासाठी दारूच बदलावी लागली!

५/ आरंभीची गोळी २१५ ग्रेनची, बोथट नाकाची होती. १९१० मध्ये १७४ ग्रेनची टोकदार 'मार्क सात' आली : वजनाने हलकी, वेगाने अधिक.

६/ १९३८ च्या सुमारास व्हिकर्स मशिनगनसाठी 'मार्क आठ' आली. वजन जवळजवळ तेच, १७५ ग्रेन. पण बूड नावेसारखे निमुळते. हवेचा अडथळा कमी, म्हणून पल्ला लांब.

७/ मात्र कॉर्डाइटने झिजलेल्या नळीत हीच गोळी भरकटे. खाचांचा आरंभ झिजला की गोळी आणि नळी यांच्यात फट राहते. निमुळत्या बुडाच्या कडेने वायू पुढे निसटतो आणि गोळी किंचित तिरपी होऊन खाचांत शिरते.

८/ 'मार्क सात'चे बूड सपाट. तेथे आतले शिसे उघडे असते. दाबाखाली ते फुगते आणि फट बुजवते. वजन सारखे असूनही निकाल निराळा, तो या बुडामुळे.

९/ म्हणूनच ज्या देशांत परवानगी आहे, तेथे जुन्या .३०३ साठी स्वतः काडतुसे भरणारे जाणकार नेमबाज आधी नळीचा व्यास मोजतात, मग सपाट बुडाची गोळी निवडतात. दारू थोडक्या मापापासून सुरू करून जपून वाढवतात.

१०/ .३०३ ची काडतुसे आपल्या पुण्याजवळच्या खडकीतही बनत. त्यांच्या बुडावर 'के' आणि 'एफ' ही अक्षरे असत. संग्रहालयात असे काडतूस दिसले, तर एवढे आठवावे : नळी, दारू आणि गोळी यांतील एक बदलले की उरलेल्या दोहोंचा हिशोब नव्याने मांडावा लागतो.