धुळाक्षरे, बलुते आणि बोर्डिंग

अंजनगाव सुर्जी हे नाव मराठी वाचकाला आठवते ते बहुधा तहामुळे. अडगावची लढाई झाली, गाविलगड पडला आणि ३० डिसेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंद्यांनी आर्थर वेलस्लीशी येथे तह केला. त्या तहाशी आपल्याला येथे कर्तव्य नाही. याच अंजनगाव सुर्जी तालुक्यात शेंडगाव नावाचे गाव आहे. तेथे २३ फेब्रुवारी १८७६ रोजी परिटाच्या घरी डेबूजी झिंगराजी जानोरकर जन्मले. पुढे महाराष्ट्र त्यांना गाडगेबाबा म्हणू लागला. शिक्षण स्वस्त कसे व्हावे, या प्रश्नाचा विचार करताना या गावापासून आणि परिटाच्या घरापासून सुरुवात करण्यामागे एक कारण आहे. ते कारण बलुत्यात आहे.

पैसे न देता, एकाने दुसऱ्याला आपले कौशल्य शिकवावे आणि त्याच्याकडून वा तिसऱ्याकडून आपल्याला हवे ते शिकून घ्यावे, म्हणजे शिक्षणाचा खर्च आटोक्यात येईल, हा विचार आधुनिक समजला जातो. इव्हान इलिच यांनी १९७१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या 'डीस्कूलिंग सोसायटी' या पुस्तकात शाळेला पर्याय म्हणून जी चार जाळी सुचवली, त्यांतले एक कौशल्यांच्या देवघेवीचे आणि एक समान आस्था असणाऱ्यांना एकत्र आणण्याचे होते. प्रत्येक नागरिकाला शिकण्यासाठी काही मूळ पत मिळावी आणि पुढची पत त्याने दुसऱ्याला शिकवून कमवावी, अशी त्यांची कल्पना. त्याच सुमारास पॅरिसजवळच्या ओर्ली येथे क्लेर एबेर-स्युफ्रँ या शिक्षिकेने आपल्या वर्गातील मुले आणि वस्तीतील माणसे यांच्यात ज्ञानाच्या परस्पर देवघेवीचे प्रयोग सुरू केले आणि पुढे फ्रान्सभर त्यांची जाळी पसरली. हे सारे मोलाचेच आहे. परंतु ही कल्पना वाचताना मराठी वाचकाच्या मनात एक शंका आल्यावाचून राहत नाही. पैशावाचून कौशल्याची देवघेव करणारी एक संपूर्ण समाजरचना आपल्याकडे शतकानुशतके होती. मग तिच्यामुळे शिक्षण स्वस्त का झाले नाही?

त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली 'गावगाडा'त वर्णन केलेली बलुतेदारी ही अशीच रचना होती. सुताराने औत भरावे, लोहाराने फाळ शेवटावा, चांभाराने मोट शिवावी, परिटाने कपडे धुवावेत आणि सुगीला खळ्यावरून आपला धान्याचा वाटा न्यावा. व्यवहारात नाणे जवळजवळ नाही. आता या यादीत जोशीही आहे, हे लक्षात घ्यावे. जोशी हा गावातला वाचता येणारा बलुतेदार. तो बलुत्याच्या बदल्यात तिथी सांगे, मुहूर्त काढून देई, पंचांग वाचून दाखवी. वाचलेले तो देत होता. वाचणे देत नव्हता. सुतारही औत देत होता, सुतारकी देत नव्हता. बलुतेदारीत कौशल्याच्या फळाची देवघेव होती, कौशल्याची नव्हती. ते ज्याच्या त्याच्या घरात बापाकडून मुलाकडे जाई आणि जातीच्या कुंपणाबाहेर पडत नसे. बलुतेदारीला 'परस्परावलंबन' म्हणून गौरवणाऱ्या लेखनात हा भेद सहसा पुसला जातो, म्हणून तो मुद्दाम नोंदवला.

अक्षर मिळे ते बलुत्याबाहेर, पंतोजीच्या शाळेत. ही शाळा खासगी असे. फी कधी रोख, कधी शिध्याच्या रूपात, आणि त्यावर पंतोजीच्या घरची कामे मुलांनी करायची. या शाळेविषयी आपल्या साहित्यात छडीच्याच आठवणी अधिक आहेत. पण तिचे एक अंग असे की तिथे एकटा पंतोजी शिकवत नसे. पुढे गेलेला मुलगा नव्याकडून मूळाक्षरे गिरवून घेई. संध्याकाळच्या परवच्यात एकजण पावकी, निमकी, दिडकी मोठ्याने म्हणे आणि बाकीचे त्याच्यामागून. पाटी-पेन्सिलीचा खर्च नसे, कारण लिहायचे धुळीत. 'धुळाक्षरे' हा शब्द आता आपण प्रारंभिक लेखनासाठी जवळजवळ रूपक म्हणून वापरतो. त्यामागे खरोखरची धूळ आणि तिच्यात फिरणारे बोट आहे.

या धुळीचा एक प्रवास विलक्षण आहे. अँड्र्यू बेल हा स्कॉटिश धर्मोपदेशक १७८९ पासून मद्रासच्या अनाथ मुलांच्या आश्रमाचा प्रमुख होता. तेथील एका देशी शाळेत मुले वाळूत अक्षरे काढताना त्याने पाहिली आणि ती रीत आपल्या आश्रमात आणली. शिक्षकांनी ती मनावर घेतली नाही, तेव्हा त्याने थोड्या मोठ्या मुलांनाच धाकट्यांना शिकवायला बसवले. १७९७ मध्ये लंडनला त्याने या प्रयोगाचा वृत्तांत छापला. १७९८ मध्ये जोसेफ लँकेस्टर याने लंडनच्या गरीब वस्तीत याच धर्तीची शाळा काढली. एक शिक्षक आणि त्याच्या हाताखाली अनेक 'मॉनिटर' अशा रचनेत शेकडो मुले नाममात्र खर्चात शिकू लागली. मग ही पद्धत जहाजात बसून परत आली. १८२२ मध्ये मुंबईत स्थापन झालेली संस्था, जी १८२७ पासून बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी म्हणून ओळखली गेली, तिने आपल्या शाळांसाठी लँकेस्टरची पद्धत स्वीकारली. पंतोजीच्या ओटीवरच्या रिवाजाचा एक नातेवाईक साहेबी वेषात घरी आला आणि सुधारणा म्हणून त्याचे स्वागत झाले. 'मॉनिटर' हा शब्द तेवढा आपल्या वर्गात राहिला. त्याचे काम मात्र फळ्यावर गडबड करणाऱ्यांची नावे लिहिण्यापुरते उरले.

युरोपात ही पद्धत का मागे पडली, हेही पाहावे. मॉनिटरला जेवढे येते तेवढेच तो देऊ शकतो, आणि त्याला येत होते ते पाठांतर. स्वस्ताईचा हिशेब इतका डोक्यात बसला की मोठ्या मुलांनी स्वतः पुढे कधी शिकायचे, हा प्रश्न कोणी विचारला नाही. जो देतो त्यालाही काही मिळाले पाहिजे, ही देवघेवीची मूळ अट तिथे सुटली.

आता परत वऱ्हाडात येऊ. डेबूजींचे बालपण वडिलांच्या मृत्यूनंतर आईच्या माहेरी, मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्यात गेले. मामाची जमीन सावकाराच्या कागदामुळे गेली, हा प्रसंग त्यांचे चरित्रकार आवर्जून सांगतात. वाचता न येण्याची किंमत किती, याचे याहून नेमके उदाहरण मिळणे कठीण. १ फेब्रुवारी १९०५ रोजी ते घर सोडून गेले. त्यानंतरची त्यांची राहणी बलुत्याच्या संदर्भात वाचली तर वेगळी दिसते. गावात शिरायचे, खराट्याने रस्ते झाडायचे, काम केल्यावरच भाकरी घ्यायची आणि रात्री कीर्तन करायचे. श्रमाच्या बदल्यात अन्न हा व्यवहार बलुत्याचाच. पण काम जातीने लावून दिलेले नव्हते, आणि कीर्तन तर कोणत्याच मोबदल्यात बसत नव्हते. ते कीर्तनही कसे? वऱ्हाडी बोलीत श्रोत्यांना प्रश्न विचारायचा, उत्तर त्यांच्याच तोंडून काढून घ्यायचे, त्यावर पुढचा प्रश्न. स्वतः अक्षरशत्रू राहिलेला हा माणूस लोकांना सांगत होता की घरातली भांडी विकावी लागली तरी चालेल, मुलाला शाळेत घाला.

येथे खर्चाचा प्रश्न त्याच्या खऱ्या रूपात समोर येतो. खेड्यातल्या मुलाला शिक्षण महाग पडत होते ते केवळ फीमुळे नव्हे. वऱ्हाडात पहिले महाविद्यालय, अमरावतीचे किंग एडवर्ड कॉलेज, १९२३ मध्ये निघाले. शाळाही मोठ्या गावांत. म्हणजे राहायचे कुठे आणि खायचे काय? ब्राह्मण मुलासाठी याचे उत्तर परंपरेने तयार ठेवले होते. माधुकरी मागायची किंवा सात घरी सात वार लावून जेवायचे. त्यातला अपमान आपल्या आत्मचरित्रांतून भरपूर आला आहे आणि तो खराच आहे. पण ती एक शिष्यवृत्ती होती आणि ती जन्माने मिळत होती, हे त्या आत्मचरित्रांत फारसे येत नाही. कुणब्याच्या, माळ्याच्या, महाराच्या मुलाला वार कोण लावून देणार? १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन देताना महात्मा फुल्यांनी हीच विषमता दुसऱ्या टोकाने मांडली होती: सरकारी तिजोरी भरते रयतेच्या श्रमाने आणि तिच्यातून शिक्षण होते वरच्या वर्गांचे.

वाराला बहुजन समाजाने काढलेला पर्याय म्हणजे बोर्डिंग. भाऊराव पाटलांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली, १९२४ मध्ये साताऱ्याला वसतिगृह काढले आणि १९२७ मध्ये गांधींच्या हस्ते त्याला 'छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' हे नाव मिळाले. इकडे अमरावतीत विलायतेहून परतलेल्या पंजाबराव देशमुखांनी सर्व जातींच्या मुलांसाठी श्रद्धानंद छात्रालय चालवले. १९३२ साली श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी राहिली. साताऱ्याच्या बोर्डिंगात मुले स्वयंपाक करीत, पाणी भरीत, शेतात राबत. गावोगाव मुष्टिफंडातून मूठमूठ धान्य येई. या व्यवस्थेचा उल्लेख 'श्रमप्रतिष्ठा' या एका शब्दात उरकण्याची आपल्याला सवय झाली आहे. मला त्यात अधिक महत्त्वाचे वाटते ते हे की कौशल्य पहिल्यांदा जातीच्या घराबाहेर पडले. ज्याला नांगर धरता येतो त्याने ज्याला येत नाही त्याला शिकवायचे, आणि ज्याचे गणित पुढे आहे त्याने रात्री कंदिलाखाली इतरांना ते समजावायचे, हे एका पंक्तीत जेवणाऱ्या मुलांमध्येच शक्य होते. शेतकऱ्यांमध्ये इर्जिक आणि सावड आधीपासून होतीच: आज तुझ्या शेतावर सगळे, उद्या माझ्या. बोर्डिंगने त्या रिवाजात अक्षर आणले.

व्यायामाच्या क्षेत्रात अमरावतीने हे आणखी आधी केले होते. वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये काढलेले हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आखाड्याच्या रीतीवर उभे होते आणि आखाड्याची रीत म्हणजे जुन्या पोराने नव्याला मल्लखांबावर चढवणे. उन्हाळी वर्गात तयार झालेली मुले आपापल्या गावी जाऊन दुसऱ्यांना तयार करीत. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने तेथे देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. वस्ताद तयार करण्याची ही साखळी शाळेने उचलली असती तर काय झाले असते, असा विचार मनात येतो. असो.

या साऱ्याला एक गंभीर आक्षेप आहे आणि तोही वऱ्हाडाच्या शेजारीच, वर्धा नदीच्या पलीकडे, उपस्थित झाला. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्याच्या परिषदेत गांधींनी हस्तोद्योगकेंद्री शिक्षणाची योजना मांडली. मुलांच्या उत्पादनातून शिक्षकाचा पगार निघावा, म्हणजे शिक्षण स्वावलंबी होईल, हा त्यातला सर्वांत वादग्रस्त भाग. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने योजना स्वीकारली. पण आर्थिक बाजूवर भर देताना सांस्कृतिक आणि शैक्षणिक हेतूंचा बळी जाण्याचा धोका स्पष्ट आहे, असा इशाराही तिच्या अहवालात आहे. गरिबाच्या मुलाने सूत कातून आपली फी भरायची आणि श्रीमंताच्या मुलाने नुसते शिकायचे, अशी विभागणी झाली तर ते नवे बलुतेच. भाऊरावांच्या बोर्डिंगालाही हा आक्षेप लागू होतो का? काही अंशी होतो. तेथे राबलेल्या मुलांना दुसरा मार्ग उपलब्ध नव्हता. फरक इतकाच की श्रमाचे फळ त्यांच्याच ताटात पडत होते आणि ताटे शेजारी शेजारी होती.

इलिच यांच्या कल्पनेत मला जी उणीव दिसते ती येथे. देवघेव करणारे दोघे समान पातळीवर उभे आहेत, असे ते गृहीत धरतात. कोणाचे कौशल्य 'कौशल्य' म्हणून मोजले जाते आणि कोणाचे 'काम' म्हणून, हा प्रश्न त्यांच्या जाळ्यातून निसटतो. परिटाला कपड्याचे, डागाचे, पाण्याचे जे ज्ञान असते त्याच्या बदल्यात मोडी लिपी मिळू शकली असती, असे बाजारभाव कोणत्याच गावात नव्हते. हे भाव बदलल्याखेरीज देवघेवीने शिक्षण स्वस्त होत नाही.

गाडगेबाबांनी पैसा उभा केला तो मुख्यतः छपरांसाठी: धर्मशाळा, आणि पुढे वसतिगृहे व आश्रमशाळा. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी वसतिगृहासाठी डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. भाऊरावांनी १९५४ साली कराडला काढलेल्या महाविद्यालयाला 'सद्गुरू गाडगे महाराज' हे नाव दिले. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ वलगावच्या वाटेवर बाबांचे निधन झाले; १९८३ मध्ये स्थापन झालेल्या अमरावती विद्यापीठाला २००५ मध्ये त्यांचे नाव मिळाले.

भाऊरावांची 'कमवा आणि शिका' ही योजना आज राज्यातल्या अनेक विद्यापीठांतून तासावारी मानधनाच्या रूपात चालते. दरम्यान १९८३ नंतर विनाअनुदानित महाविद्यालये आली आणि त्यांच्या फीपुढे हे मानधन किरकोळ ठरले. अकोल्यासारखे शहर तर आता वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या शिकवणी वर्गांसाठी ओळखले जाते. योजनेतली कामे मात्र तीच आहेत: ग्रंथालयात पुस्तके लावणे, बाग राखणे, कार्यालयात नोंदी करणे. वरच्या वर्गातील विद्यार्थ्याने खालच्या वर्गातील विद्यार्थ्याला व्याकरण किंवा गणित शिकवले, तर ते या यादीत काम म्हणून धरले गेल्याचे प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात आलेले नाही.