रक्तदाबमापनाचा इतिहास

रोहिण्यांतून वाहणारे रक्त त्यांच्या भित्तींवर जो दाब टाकते त्याला रक्तदाब म्हणतात. हृदयाच्या आकुंचनाच्या वेळी तो कमाल (आकुंचन दाब) व प्रसरणाच्या वेळी किमान (प्रसरण दाब) असतो. दोन्ही आकडे पाऱ्याच्या स्तंभाच्या उंचीने, मिलिमीटरांत सांगतात. हे आकडे मिळविण्याची सुलभ रीत सापडण्यास सु. पावणेदोनशे वर्षे लागली. ते कोणत्या मर्यादेपुढे धोक्याचे मानावेत, याविषयीचे मतभेद मात्र अद्याप संपलेले नाहीत.

स्टीव्हन हेल्स (१६७७–१७६१) या इंग्रज धर्मोपदेशकांनी घोडीच्या मांडीतील रोहिणीत नळी बसवून तिला उभी काचनळी जोडली, तेव्हा रक्त ८ फूट ३ इंच उंच चढले. हा प्रयोग १७३३ मध्ये प्रसिद्ध झाला. प्वाझय यांनी १८२८ मध्ये पाऱ्याचा दाबमापक वापरल्याने नळीची उंची आटोक्यात आली, तरी रोहिणी उघडावी लागेच. इटालियन वैद्य रीव्हा-रॉत्ची (१८६३–१९३७) यांनी १८९६ मध्ये दंडाभोवती हवेने फुगणारा पट्टा बांधून ही अडचण दूर केली. त्यांचा पट्टा फार अरुंद असल्याने दाब वाजवीपेक्षा जास्त दिसे. तो दोष १९०१ मध्ये फोन रेक्लिंगहाउझेन यांनी पट्टा रुंद करून काढला. मात्र नाडीच्या स्पर्शाने केवळ आकुंचन दाबच कळे. रशियन शल्यचिकित्सक कोरोत्कॉव्ह (१८७४–१९२०) यांनी १९०५ मध्ये पट्ट्याखालील रोहिणीवर श्रवणनलिका ठेवून ध्वनी उमटण्याचा व नाहीसा होण्याचा क्षण टिपला आणि दोन्ही आकडे हाती आले.

आकडे मिळाले तरी त्यांचा अर्थ लागला नव्हता. कठीण झालेल्या रोहिण्यांतून रक्त पुढे ढकलण्यासाठी वाढलेला दाब आवश्यकच आहे, असे अनेक वैद्य मानीत. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँक्लिन रूझवेल्ट यांचा दाब मार्च १९४४ मध्ये १८६/१०८ होता. १२ एप्रिल १९४५ रोजी मस्तिष्कातील रक्तस्रावाने त्यांचा मृत्यू झाला, त्या वेळी तो ३००/१९० नोंदला गेला. त्यांच्यासाठीही परिणामकारक औषध उपलब्ध नव्हते.

ही उणीव भरून काढण्यात मुंबईचा वाटा मोठा आहे. सर्पगंधेच्या मुळांचा रक्तदाबावरील परिणाम गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये नोंदविला होता. परंतु पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष तिकडे वेधले ते मुंबईचे हृद्‌रोगतज्ञ रुस्तुम जाल वकील (१९११–७४) यांच्या निबंधाने. ५० रुग्णांवरील त्यांची निरीक्षणे ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये १९४९ मध्ये प्रसिद्ध झाली. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये या मुळांतून रेसर्पीन वेगळे करण्यात आले. वकील यांना १९५७ मध्ये लास्कर पारितोषिक मिळाले. रेसर्पिनामुळे काही रुग्णांना मानसिक अवसाद येई. पुढे अधिक सुरक्षित औषधे आल्यावर त्याचा वापर मागे पडला. तथापि प्रसरण दाब ११५ ते १२९ असलेल्या १४३ रुग्णांवर अमेरिकेत झालेल्या ज्या चाचणीने उपचारांचा लाभ १९६७ मध्ये निर्विवाद सिद्ध केला, तिच्या औषधांतही रेसर्पीन होते.

भारतात सामान्यतः १४०/९० वा त्याहून अधिक दाब वेगवेगळ्या दिवशी आढळल्यास अतिरिक्त रक्तदाबाचे निदान करतात. अमेरिकेत २०१७ पासून ही मर्यादा १३०/८० आहे. एकाच मापनावर विसंबू नये. पाच मिनिटे शांत बसून, दंड हृदयाच्या पातळीवर ठेवून घेतलेला आकडाच ग्राह्य होय. वैद्याच्या केवळ उपस्थितीनेही दाब चढतो. बहुतेकांना कोणतेच लक्षण जाणवत नाही, म्हणूनच हृदय, वृक्क व मस्तिष्क यांची हानी नकळत होते. दाब १८०/१२० च्या वर असून छातीत दुखणे, धाप, दृष्टिदोष, संभ्रम वा अर्धांगातील दुर्बलता असेल, तर रुग्णास त्वरित रुग्णालयात न्यावे लागते. लक्षणे नसल्यास विश्रांतीनंतर पुन्हा मापन करून लवकरच वैद्यांचा सल्ला घ्यावा. अशा वेळी दाब एकदम खाली आणल्यास मस्तिष्काचा रक्तपुरवठा कमी पडण्याचा धोका असल्याने तो टप्प्याटप्प्याने उतरवितात.