गवई, यंत्र आणि बिदागी



वागळे इस्टेट हें नांव उच्चारतांच आपणांपैकीं बहुतेकांच्या डोळ्यांपुढें धुराडें, लेथ आणि पत्र्याचीं छपरें उभीं राहत असतील. तंबोरा कांहीं उभा राहत नसेल. १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें, त्याच्या अगदीं आरंभींच्या वसाहतींत ठाण्याच्या या वसाहतीची गणना होते. येथील कित्येक रस्त्यांना थोर पुरुषांचीं नांवें नाहींत, नुसते आंकडे आहेत. रोड नंबर सोळा, रोड नंबर बावीस. माझे वडील येथल्याच एका कारखान्यांत फिटर होते, आणि सकाळच्या पाळीचा भोंगा हाच आमच्या बाळपणींचा भैरव होता.

आतां ते भोंगे फारसे ऐकूं येत नाहींत. पुष्कळ कारखाने मिटले, त्यांच्या जागीं कांचेच्या इमारती झाल्या आणि त्यांत संगणकाच्या कचेऱ्या आल्या. अशाच एका कचेरींत माझा एक जुना विद्यार्थी नोकरीस आहे. रात्रीं तो एका बंद पडलेल्या गाळ्याच्या माळ्यावर जातो. तेथें त्यानें भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्या आहेत. एक माइक, एक संगणक आणि एक गिटार एवढ्या भांडवलावर तो स्वतःचीं गाणीं रचतो, गातो, मुद्रित करतो आणि मोबाइलच्या वाटेनें जगाकडे सोडून देतो. मागील दिवाळींत तो फराळाला आला आणि म्हणाला, "सर, माझें एक गाणें अकरा हजार वेळां ऐकलें गेलें. नोकरी सोडूं का?"

मी विचारलें, "त्याचे पैसे किती आले?" तो हंसला. आलेली रक्कम त्या गाण्यास साथ करणाऱ्या तबलजीच्या बिदागीलाही पुरली नव्हती.

मी गायनशास्त्राचा पंडित नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला, मुलांना इतिहास-भूगोल शिकवून निवृत्त झालेला मास्तर आहें. तेव्हां त्याला उत्तर देण्यापूर्वीं मला मागें वळून पाहणें भाग होतें. आपल्याकडील गवयांनीं नवीं यंत्रें आलीं तेव्हां काय केलें, नांव कोठून मिळविलें आणि भाकरी कोठून मिळविली? या दोन गोष्टी एकाच हातानें मिळतात असा आपला समज असतो. शोध घेतां मला तो समज फारसा टिकतांना दिसला नाहीं.

यंत्र येण्यापूर्वीं गवयाचा पोशिंदा म्हणजे संस्थानिक किंवा सावकार. ही चाकोरी मोडून सामान्य माणसाच्या खिशांतील पैशावर गायनविद्या उभी करण्याचें धाडस ज्यांनीं केलें, त्यांत विष्णु दिगंबर पलुसकर अग्रगण्य होत. मिरजेचा आश्रय सोडून ते बाहेर पडले, तिकीट लावून जाहीर जलसे करूं लागले, आणि १९०१ सालीं थेट लाहोरास जाऊन त्यांनीं गांधर्व महाविद्यालय काढलें. स्वतःचा छापखाना घातला, स्वरलिपीचीं पुस्तकें छापलीं, मासिक चालविलें. १९०८ सालीं विद्यालय मुंबईंत आलें. आजचे लोक ज्याला जाहिरात, प्रसार, श्रोतृवर्ग बांधणें म्हणतात, तें सारें या पुरुषानें विजेच्या एका तारेवांचून केलें. परंतु मुंबईची वास्तु कर्ज काढून बांधलेली होती, आणि १९२४ सालीं तिचा लिलांव झाला. इमारत गेली, शिष्य राहिले. त्यांनीं गांवोगांव विद्यालयें काढलीं आणि त्यांवर शेंकडों कुटुंबें जगलीं. हा हिशेब कोणत्या वहींत मांडावा, हें मला अजून उमगलेलें नाहीं.

पहिलें यंत्र आलें तें कर्ण्याचें. नोव्हेंबर १९०२ मध्यें ग्रामोफोन कंपनीचे गायस्बर्ग यांनीं कलकत्त्यास गौहरजान हिचें गाणें मुद्रित केलें. गवयानें कर्ण्यांत तोंड घालून मोठ्यानें गावें, आणि सुमारें तीन मिनिटांत आटपावें. गाणें संपतांच ती इंग्रजींत आपलें नांव पुकारीत असे. तबकड्या तेव्हां जर्मनींत हानोव्हर येथें दाबल्या जात. तेथल्या कारागिरांस कोणतें गाणें कोणाचें हें समजावें, यासाठीं ही युक्ति होती. १९०८ पासून कलकत्त्यास सियालदा येथें कारखाना निघाला, तरी नांव पुकारण्याची चाल कांहीं काळ टिकली. यंत्रापुढें आपलें नांव आपणच ओरडून सांगण्याची ही पहिली वेळ. शेवटची खास नव्हे.

आमच्याकडील थोरांनीं या यंत्राला नाना तऱ्हांनीं तोंड दिलें. अल्लादिया खांसाहेबांनीं आपल्या गाण्याची एकही तबकडी बाजारांत येऊं दिली नाहीं. त्यांच्या शिष्या, गोव्याच्या केरी गांवच्या केसरबाई केरकर, यांच्याही ध्वनिमुद्रिका मोजक्याच. गंमत अशी कीं, १९७७ सालीं अमेरिकेनें व्हॉयेजर यानांतून पृथ्वीचें संगीत अंतराळांत पाठविलें, त्यांत हिंदुस्थानांतून निवड झाली ती केसरबाईंच्या भैरवीचीच. त्याच वर्षीं सप्टेंबरांत बाई निवर्तल्या. यंत्राला कमीत कमी दिलेला हा आवाज सूर्यमालेबाहेर गेला आहे. त्याची रॉयल्टी कोणत्या खिडकीवर मिळते कोण जाणें!

अब्दुल करीम खांसाहेबांची गोष्ट निराळी. त्यांनीं कर्ण्याच्या काळांतही तबकड्या दिल्या, आणि पुढें विजेचा मायक्रोफोन आल्यावर १९३४ च्या सुमारास ओडियन कंपनीसाठीं पुन्हां गायले. त्यांचा कोंवळा, टोंकदार आवाज त्या मायक्रोफोनला असा कांहीं मानवला कीं, ज्यांनीं खांसाहेबांना कधीं पाहिलें नव्हतें अशा घरांतूनही त्यांच्या ठुमऱ्या वाजूं लागल्या. तबकडीनें कीर्ति दिली, यांत शंका नाहीं. परंतु वयाची साठी ओलांडल्यावरही हा गवई आगगाडीनें दौरे करीतच होता. १९३७ सालीं मद्रासहून पाँडिचेरीस जात असतां वाटेंत त्यांस अस्वस्थ वाटूं लागलें. सिंगपेरुमाळ कोइल नांवाच्या लहानशा स्थानकावर ते उतरले आणि तेथेंच त्यांनीं देह ठेवला. आवाज घरोघर विकला जात होता, आणि ज्याचा आवाज तो मात्र दौऱ्यावरच होता. माझ्या विद्यार्थ्याला मी प्रथम सांगितली ती ही हकीकत.

मग १९३२ सालची. त्या वर्षीं पहिला मराठी बोलपट 'अयोध्येचा राजा' आला आणि नाटकमंडळ्यांचा पाया खचूं लागला. त्याच वर्षीं ना. घ. देशपांडे यांची 'शीळ' ही कविता जी. एन. जोशी यांच्या आवाजांत तबकडीवर निघाली. हे जोशी वकिलीचें शिक्षण घेतलेले तरुण. तीन मिनिटांच्या त्या चौकटींत ख्याल गुदमरतो, पण कविता ऐसपैस बसते, हें त्यांच्या गळ्यानें ओळखलें आणि मराठी भावगीताला बाजारपेठ लाभली. १९३८ सालीं त्यांनीं काय केलें? गाण्याच्या उत्पन्नावर न विसंबतां ग्रामोफोन कंपनींतच नोकरी पत्करली, आणि पुढें मोठमोठ्या कलावंतांचें ध्वनिमुद्रण केलें. चौकट ओळखणारा पहिला माणूस शेवटीं चौकटवाल्यांच्या घरांत जाऊन बसला. याला कोणी तडजोड म्हणतील. मी शहाणपण म्हणतों.

नभोवाणी मुंबईंत २३ जुलै १९२७ रोजीं सुरू झाली. पहिली खाजगी कंपनी १९३० सालीं बुडाली आणि सरकारनें कारभार हातीं घेतला. आतां गवयाला मोठा यजमान मिळाला खरा, पण तो लहरीही निघाला. १९४० सालीं हार्मोनियमला नभोवाणीची दारें बंद झालीं, तीं सुमारें तीस वर्षें. ज्या महाराष्ट्रांत गोविंदराव टेंब्यांसारख्यांनीं पेटीला मान मिळवून दिला, तेथील पेटीवाल्यांनीं काय करावयाचें? हुकूम काढणाऱ्यांस तो प्रश्न पडला नसावा.

याच नभोवाणीनें पुढें 'गीतरामायण' दिलें, हेंही विसरतां येत नाहीं. पुणें केंद्रावरून १९५५ च्या रामनवमीपासून वर्षभर, दर आठवड्यास एक याप्रमाणें, माडगूळकरांचीं छप्पन्न गीतें सुधीर फडके यांच्या चालींत लोकांनीं ऐकलीं. नभोवाणीचें वर्ष संपलें. फडक्यांचें संपलें नाहीं. पुढें कित्येक वर्षें ते गांवोगांव स्वतः पेटीवर बसून तें गात राहिले. लोकांना तें नभोवाणीवरून पाठ झालेलें होतें, म्हणूनच ते मैदानें भरून येत. यंत्रानें वर्दी दिली आणि बैठकीनें बिदागी.

हक्काचा प्रश्न यापुढें उभा राहतो. १९६० नंतरच्या दशकांत लता मंगेशकर यांनीं मागणी केली कीं, तबकडी विकली जाईल त्या मानानें गाणारालाही हिस्सा मिळाला पाहिजे. महंमद रफी यांचें म्हणणें, मेहनताना घेतला कीं व्यवहार संपला. यावरून कांहीं वर्षें दोघें एकत्र गायले नाहींत. रफींचा चांगुलपणा निःसंशय. पण इतिहासाचा मास्तर म्हणून माझा कौल लताबाईंकडे आहे. २०१२ सालीं कायदा सुधारला, तेव्हां गीतकार व संगीतकार यांचा रॉयल्टींतील वांटा कराराच्या कागदावर परस्पर लिहून घेण्यास बंदी झाली, आणि गाणारालाही उत्पन्नावर हक्क मिळाला. मागणी आणि कायदा यांमध्यें जवळजवळ पन्नास वर्षें गेलीं.

येथवर मी मोठ्या ऐटींत बोलत होतों. गृहस्थहो, विद्यार्थ्यानें मला येथें थांबविलें.

तो म्हणाला, "सर, तुमची बैठक, तुमचा गायन समाज, हें सारें ठीक. पण त्या बैठकींत माझ्या आजोबांना कोणी बसूं दिलें असतें का?" मी गप्प राहिलों. त्याचे आजोबा वस्तींत भीमगीतें गात. गौहरजानच्या काळीं ज्या गायिकांना सभ्य घराच्या दिवाणखान्यांत पाऊल टाकण्याची मुभा नव्हती, त्यांचा आवाज तबकडीवर बसून माजघरापर्यंत गेला होता. ऐंशीच्या दशकांत कॅसेट स्वस्त झाली, लहान लहान कंपन्या निघाल्या, आणि प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांच्यासारख्यांचा आवाज कोणत्याही समितीची परवानगी न घेतां रिक्षांतून, चहाच्या टपऱ्यांतून, जयंतीच्या मांडवांतून दुमदुमला. यंत्र जात विचारीत नाहीं, घराणें विचारीत नाहीं. हें पुण्य त्याच्या पदरीं घातलेंच पाहिजे. माझ्या हिशेबांत तें राहून गेलें होतें, आणि तें विद्यार्थ्यानें दाखवावें याची मला थोडी लाजही वाटली.

मग आम्ही दोघांनीं मिळून आजच्या यंत्राचा हिशेब मांडला. दार उघडें आहे, पण दारांत गर्दी किती? २०२३ सालच्या एका मोजणीप्रमाणें जगांत दररोज सुमारें एक लाख नवीं गाणीं या मंचांवर चढत होतीं. स्पॉटिफाय ही कंपनी २०१९ सालीं हिंदुस्थानांत आली. तिच्याकडे एका श्रवणाला अमुक पैसे असा ठरलेला दर नसतो. जमा रकमेचा जो भाग गाण्यांसाठीं काढला जातो, तो एकंदर श्रवणांच्या प्रमाणांत वांटला जातो. म्हणजे आपलें गाणें तेवढेंच ऐकलें गेलें, पण दुसऱ्याचें वाढलें, तर आपला वांटा घटतो. शिवाय २०२४ पासून वर्षांत हजार वेळां न ऐकलेल्या गाण्याला त्या मुद्रणाबद्दल कांहींच मिळत नाहीं. नांव पुकारण्याची गौहरजानची युक्ति आज प्रत्येकाला रोज करावी लागते. माझा विद्यार्थी गाणें रचण्यास जितका वेळ देतो, तितकाच त्याचे तीस सेकंदांचे तुकडे करून लोकांपुढें धरण्यास देतो.

आमच्याच भागांतील माणसें पाहावीं. ठाण्याचे पंडित राम मराठे. १९३८ च्या 'गोपाळकृष्ण' बोलपटांत ते बालकृष्ण झाले, पुढें ख्याल गायले, नाट्यपदें गायले, १९६३ च्या 'मंदारमाला' नाटकास चाली दिल्या. एकाच दुकानावर त्यांनीं संसार टांगला नाहीं. जनकवि पी. सावळाराम यांचीं गीतें तबकड्यांवरून घरोघर गेलीं, आणि ते ठाण्याचे नगराध्यक्षही झाले. पलीकडे कल्याणास गायन समाज १९२६ सालीं, म्हणजे मुंबईच्या नभोवाणीच्याही एक वर्ष आधीं, निघाला. त्यानंतर तबकडी गेली, कॅसेट गेली, सी. डी. गेली, सतरंजी पसरून समोर बसलेला श्रोता राहिला.

शेवटीं मी त्याला इतकेंच म्हटलें, "अरे, नोकरी तूर्त राहूं दे. गाण्याची नोंद आपल्या नांवें कर, कोणी पुढें केलेला कागद वाचल्यावांचून सही करूं नकोस. आणि अकरा हजारांपैकीं ठाण्यापासून डोंबिवलीपर्यंतचे किती, तें मला काढून दाखव." त्यानें मोबाइलवर पाहून सांगितलें, सहाशेंच्या आसपास. इतके जवळचे निघतील अशी त्याची स्वतःचीही कल्पना नव्हती.

गेल्या महिन्यांत एका शनिवारीं त्यानें त्या गाळ्यांतच कार्यक्रम ठेवला. मांडववाल्याकडून चाळीस खुर्च्या आणल्या होत्या. त्या भरल्या आणि दहा-बारा मंडळी जिन्यावर बसली. त्याची आई पुढच्या रांगेंत होती. दोनशें रुपयांचें तिकीट मींही काढलें. गाणीं मला सर्वच उमगलीं असें नाहीं. गिटारीचा आवाज थोडा चढाच होता. पण आजोबांचें एक गाणें त्यानें वाद्यावांचून म्हटलें, तेव्हां जिन्यावरलींही मंडळी उठून आंत आलीं. कार्यक्रम आटोपल्यावर त्यानें पेटींतले पैसे मोजले आणि पहिलें पाकीट तबलजीच्या हातीं ठेवलें. मग खुर्च्या उचलण्यास आम्हां सर्वांनाच हात लावावा लागला, कारण मांडववाल्याचा टेंपो साडेदहाला निघणार होता.