डोळा वाचवणारा पडदा

नाकालगतच्या सायनस-पोकळ्या आणि डोळ्याची खोबण यांच्यामध्ये हाडाची एक भिंत असते. ती एक मिलिमीटरहूनही पातळ असते. शरीररचनाशास्त्रात तिचे लॅटिन नावच ‘कागदी पत्रा’ या अर्थाचे आहे. सायनसचा कर्करोग ही भिंत सहज पोखरतो. त्यामुळे विसाव्या शतकात दीर्घकाळ एक कठोर नियम रूढ होता: हाड पोखरले गेले, तर गाठीबरोबर डोळाही काढायचा, मग त्या डोळ्याला उत्तम दिसत असले तरीही.

या नियमामागे क्रौर्य नव्हते, अज्ञान होते. साध्या क्ष-किरणचित्रात हाड दिसे. त्यामागील मऊ ऊतींत गाठ कुठवर शिरली आहे, हे दिसत नसे. १९७१ साली लंडनमध्ये पहिल्या रुग्णाचे सीटी स्कॅन झाले. या तंत्राबद्दल कॉरमॅक आणि हाउन्सफील्ड यांना १९७९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे एमआरआयने मऊ ऊतींतील फरक अधिक स्पष्ट केला.

मग प्रश्नच बदलला. हाडाच्या आत, खोबणीला अस्तरासारखा चिकटलेला ‘पेरिऑर्बिटा’ नावाचा चिवट पडदा असतो. १९८८ मध्ये अमेरिकेतील व्हर्जिनिया विद्यापीठाच्या पेरी, लिव्हाइन आणि सहकाऱ्यांनी आपल्या रुग्णांच्या अनुभवावरून मांडले, की केवळ हाड पोखरले गेले म्हणून डोळा काढण्याची गरज नाही. खरी सीमा या पडद्याची आहे. १९९६ मध्ये त्याच विद्यापीठातून या निष्कर्षाला पुष्टी देणारा अभ्यास प्रसिद्ध झाला.

अर्थात, डोळा प्रत्येक वेळी वाचत नाही. गाठ डोळा फिरवणाऱ्या स्नायूंत किंवा खोबणीच्या टोकाशी पोहोचली असेल, तर तो बहुधा गमवावा लागतो. वाचलेल्या डोळ्यालाही दुहेरी दिसणे, कोरडेपणा, किरणोपचारामुळे मोतीबिंदू असे त्रास होऊ शकतात.

या शेवटच्या अडचणीवर भौतिकशास्त्राकडे एक उत्तर आहे. प्रोटॉन आपली बरीचशी ऊर्जा प्रवासाच्या अखेरीस सोडतात. पलीकडच्या ऊतींना जवळजवळ काहीच पोहोचत नाही. हा गुण कर्करोगावर वापरावा, असे रॉबर्ट विल्सन यांनी १९४६ मध्ये सुचवले होते. १९४१ साली मुंबईत सुरू झालेले टाटा स्मारक रुग्णालय १९६२ पासून अणुऊर्जा विभागाच्या अखत्यारीत आहे. त्याच संस्थेचे प्रोटॉन उपचार केंद्र २०२३ मध्ये नवी मुंबईतील खारघर येथे राष्ट्राला समर्पित झाले.

तरीही सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे वेळ. एकाच नाकपुडीतून वारंवार रक्त येणे, एकाच बाजूचे नाक सतत चोंदणे, एक डोळा पुढे आल्यासारखा वाटणे ही लक्षणे टिकून राहिली, तर तपासणी लांबवू नये. तो पडदा अभेद्य नाही. तो फक्त थोडा अवधी देतो.