जुने पेजमेकर किंवा फोटोशॉप फाइल सेव्ह करू देत नाही? कारण आणि उपाय

अंगारकी किंवा भाद्रपद जवळ आला की टिटवाळ्यातल्या डीटीपीवाल्यांकडे बॅनर, पावतीपुस्तके, पत्रिका अशी कामे एकदम येतात. नेमका तेव्हाच नवा कॉम्प्युटर बसवलेला असतो आणि पेजमेकर ७ सांगते, या फोल्डरमध्ये लिहिण्याची परवानगी नाही. पेजमेकरची ही शेवटची मोठी आवृत्ती २००१ ची. तरी ती सुटत नाही, कारण श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधल्या वर्षानुवर्षांच्या फाइल्स तिच्यातच नीट उघडतात.

दोष सॉफ्टवेअरचा कमी, काळाचा जास्त आहे. एक्सपीच्या दिवसांत बहुतेक जण अॅडमिन खात्यावरच काम करत. त्यामुळे सॉफ्टवेअर आपल्या सेटिंग्ज थेट 'प्रोग्राम फाइल्स'मध्ये लिहीत असे. २००७ साली बाजारात आलेल्या व्हिस्टापासून विंडोजने त्या फोल्डरला कुलूप लावले.

विंडोजने एक पळवाटही ठेवली, आणि घोटाळा तिथेच होतो. अनेक जुन्या प्रोग्रामनी कुलूपबंद फोल्डरमध्ये लिहिलेली फाइल ते गुपचूप 'व्हर्च्युअलस्टोअर' नावाच्या फोल्डरात ठेवते. तो सी ड्राइव्हवर युजर्स, आपले खाते, अॅपडेटा, लोकल या वाटेने सापडतो. अॅपडेटा दिसत नसेल तर 'हिडन आयटम्स' चालू करावे. अशी फाइल प्रोग्राममध्ये दिसते, पण मूळ फोल्डरात नसते. खाते बदलले किंवा प्रोग्राम 'रन अॅज अॅडमिनिस्ट्रेटर'ने उघडला की ती गायब झाल्यासारखी वाटते. म्हणून काहीही बदलण्याआधी तिथल्या कामाच्या फाइल्स डी ड्राइव्हवर कॉपी कराव्यात. ही पायरी गाळून गिऱ्हाइकाची पत्रिका पुन्हा टाइप करत बसण्यात अर्थ नाही.

त्यानंतर सर्वांत स्वच्छ उपाय म्हणजे सॉफ्टवेअर काढून ते 'प्रोग्राम फाइल्स'च्या बाहेर, सी ड्राइव्हवर स्वतः बनवलेल्या फोल्डरात पुन्हा टाकणे. मूळ सीडी हाताशी नसेल तर प्रोग्रामच्या फोल्डरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, एडिट असे जावे आणि 'युजर्स'ला 'मॉडिफाय'ची परवानगी द्यावी. ती फक्त त्याच फोल्डरला द्यावी. अख्ख्या सी ड्राइव्हला देणे म्हणजे व्हायरसला आमंत्रण. प्रॉपर्टीजमधल्या 'रीड ओन्ली'च्या चौकोनाशी झटापट करू नये, फोल्डरच्या बाबतीत त्याने लिहिणे अडत नाही.

कायम अॅडमिन म्हणून चालवणे हा तात्पुरता इलाज आहे. त्यात एक्सप्लोररमधून फोटो ओढून टाकता येत नाही आणि नेटवर्कवरचा ड्राइव्हही अनेकदा दिसत नाही.

जुन्या फोटोशॉपची तक्रार बहुधा 'स्क्रॅच' फाइलची असते. प्रोग्राम सुरू होताना कंट्रोल आणि ऑल्ट दाबून धरले की स्क्रॅच डिस्क विचारली जाते. तिथे डी निवडावा.

आणि 'डॉक्युमेंट्स' किंवा डेस्कटॉपवरच सेव्ह होत नसेल, तर कारण वेगळे असू शकते. विंडोज १० मध्ये २०१७ पासून 'कंट्रोल्ड फोल्डर अॅक्सेस' ही सोय आहे. ती चालू असल्यास विंडोज सिक्युरिटीतल्या रॅन्समवेअर प्रोटेक्शनमध्ये जाऊन त्या प्रोग्रामला परवानगी द्यावी. सोय बंद करू नये.