इंजिनातला ठोका : दोष कोणाचा, भुर्दंड कोणाला?

१९१२ सालच्या कॅडिलॅक मोटारीला हँडल मारावे लागत नसे. ती विजेवर सुरू होई. अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या डेटन गावी ‘डेल्को’ ही कंपनी चालवणाऱ्या चार्ल्स केटरिंग यांनी तो स्टार्टर घडवला होता आणि त्याच संचातून ठिणगीसाठी बॅटरीही दिली होती. तोवर ठिणगीचे काम बहुधा मॅग्नेटो करी. पुढच्या काही वर्षांत चढावर, भाराखाली इंजिनातून हातोडी आपटल्यासारखा टणटण आवाज येतो, अशा तक्रारी वाढल्या. प्रतिस्पर्ध्यांनी निदान करून टाकले : गाडीत नवे काय, तर केटरिंगची बॅटरी, मग दोषही तिचाच. हा आरोप खोटा ठरला. मात्र तो खोडून काढण्याच्या खटाटोपातून एक विष जन्माला आले आणि जवळजवळ शंभर वर्षे पेट्रोलमध्ये राहिले. त्याचा हा थ्रेड.

त्या काळी आवाज ओळखणे हा गाडीमालकाच्या दृष्टीने थेट पैशाचा प्रश्न होता. इंजिनातली बेअरिंगे बॅबिट नावाचा मऊ मिश्रधातू ओतून घडवलेली असत. ती झिजली की ठोका येई, आणि दुरुस्ती म्हणजे इंजिन खोलणे, नवा धातू ओतणे, हाताने खरवडून माप जुळवणे. सिलिंडरच्या डोक्यात काजळी साचली तरी ठोका येई. त्यासाठी हेड उतरवून ती खरवडावी लागे किंवा ऑक्सिजन सोडून जाळावी लागे. ठिणगी फार लवकर पडत असेल, तरीही ठोकाच. पण त्यावर स्टिअरिंगजवळची एक दांडी थोडी सरकवली की काम भागे, आणि तेही फुकटात. ‘कार्बन नॉक’, ‘स्पार्क नॉक’ ही नावे रूढ होती. नावातच निदान गृहीत धरलेले होते, हे विशेष.

जाणता मेकॅनिक घाईने पाना उचलत नसे. लाकडी दांड्याचे वा लोखंडी सळईचे एक टोक इंजिनाला आणि दुसरे कानाजवळच्या हाडाला लावून तो आवाजाची जागा शोधी. पॅरिसच्या रेने लाएनेक या डॉक्टराने १८१६ साली कागदाच्या सुरळीतून रुग्णाचे हृदय ऐकले आणि त्यातून स्टेथोस्कोप जन्मला. ही त्याच जातीची युक्ती. टॅपेटची टिकटिक क्रँकच्या निम्म्या गतीने येते, कारण कॅमशाफ्ट निम्म्या वेगाने फिरतो. ढिला पिस्टन थंड इंजिनात खडखडतो आणि इंजिन तापले की बराचसा शांत होतो. मग एकेका प्लगची ठिणगी तोडून पाहायची. ज्या सिलिंडरची ठिणगी तोडल्यावर ठोका मंदावेल, त्याच्या कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग संशयित.

फसगत होई ती नेमकी इथे. ठिणगी तोडली की सिलिंडरमधले ज्वलनच थांबते. त्यामुळे ज्वलनातून उठणारा ठोकाही त्याच क्षणी नाहीसा होतो. म्हणजे ठणठणीत बेअरिंगही या परीक्षेत दोषी ठरू शके. फरक ओळखायला कान तयार असावा लागे : बेअरिंगचा ठोका खोल, जड आणि गॅस सोडतानाही येणारा, ज्वलनाचा ठोका तीक्ष्ण, धातूचा नाद असलेला आणि फक्त ओझ्याखाली येणारा.

पण हा दुसरा ठोका याच काळात एवढा का वाढला? गाड्या बदलत होत्याच, पण पेट्रोलही बदलले होते. अमेरिकेत १९१० साली सुमारे ४ लाख ६८ हजार मोटारी नोंदलेल्या होत्या. १९२० पर्यंत तो आकडा ९० लाखांपलीकडे गेला. एवढी तहान भागवण्यासाठी तेल कंपन्या खनिज तेलातले जड अंशही पेट्रोलमध्ये घेऊ लागल्या. कारखानदारांनी निमूटपणे तोडगा काढला : संपीडन कमी करायचे. फोर्डच्या मॉडेल टी गाडीचे संपीडन गुणोत्तर साडेचारास एक होते, ते हळूहळू चारास एकच्या आसपास उतरले. ठोका कमी झाला, पण तितक्याच पेट्रोलमधून मिळणारी शक्तीही घटली.

केटरिंग यांचे दुखणे दुहेरी होते. शेतघरांसाठी त्यांनी ‘डेल्को-लाइट’ हा वीजसंच काढला होता. त्याचे इंजिन रॉकेलवर चालवायचे होते आणि रॉकेलवर ते भयंकर ठोके देई. १९१६ साली त्यांनी हे काम थॉमस मिजली या तरुण इंजिनिअरकडे सोपवले. मिजली शिक्षणाने यांत्रिकी अभियंता होते, रसायनज्ञ नव्हते.

मिजली यांनी इंजिनाचा एकही भाग बदलला नाही. आवाज कुठून येतो यापेक्षा तो केव्हा येतो, हा प्रश्न त्यांनी आधी घेतला. सिलिंडरमधल्या दाबाबरोबर एक छोटा आरसा हलावा आणि त्यावरून परावर्तित झालेल्या प्रकाशाने दाबाचा आलेख रेखावा, असे दर्शकयंत्र त्यांनी वापरले. इंधन ठिणगीच्या आधीच पेटत असेल, तर दाबाची उसळी ठिणगीपूर्वी दिसायला हवी. आलेखात ती दिसली ठिणगीनंतर, ज्वलनाच्या उत्तरार्धात. ठिणगी आपल्या वेळेवर पडत होती, ज्योत नीट पसरू लागली होती आणि त्यानंतर दाब एकाएकी उफाळत होता. बॅटरी निर्दोष ठरली. दोष इंधनाकडे गेला. इंग्लंडमध्ये हॅरी रिकार्डो हेही स्वतंत्रपणे याच निष्कर्षाला पोहोचले.

त्या टणत्कारात लोखंडावर लोखंड आपटतच नाही. ज्योत पुढे सरकताना कोपऱ्यात उरलेले वायुमिश्रण दाबले जाते, तापते आणि ज्योत पोहोचण्याआधीच एका दमात पेट घेते. त्या धक्क्याने सिलिंडरमधला वायू घंटेसारखा दणाणतो. मोटारीच्या सामान्य आकाराच्या सिलिंडरमध्ये हा नाद सेकंदाला सहा-सात हजार कंपनांचा असतो. म्हणून तो धातूचा वाटतो, आणि म्हणूनच लोक बेअरिंगे बदलत राहिले.

निदान झाले, आता औषध हवे होते. केटरिंग यांना एक रानफूल आठवले : ट्रेलिंग आर्ब्युटस, जे बर्फ वितळण्याआधीच फुलते आणि ज्याच्या पानांची खालची बाजू तांबडी असते. तांबडा रंग उष्णता शोषत असेल, तर तांबडे रॉकेल कदाचित लवकर वाफ होईल! भांडारात तेलात विरघळणारा रंग नव्हता, आयोडीन सापडले. ते घालताच ठोका थांबला. पुढे मिजली यांनी आयोडीनविरहित तांबडे रंग घालून पाहिले, तर ठोका तसाच. आयोडीनचे रंगहीन संयुग घातले, तर ठोका गायब. उपपत्ती सपशेल चुकीची होती, गुण मात्र आला होता. आयोडीन महाग आणि धातू खाणारे, तेव्हा पुढचा शोध अनिलीन, सेलेनियम, टेल्युरियम असा चालला. टेल्युरियमच्या संयुगांची दुर्गंधी संशोधकांच्या अंगाला चिकटून घरापर्यंत जाई.

याच काळात कानाची जागा यंत्राने घेतली. मिजली आणि त्यांचे सहकारी थॉमस बॉइड यांनी सिलिंडरच्या पडद्यावर एक पोलादी टाचणी उभी केली. ठोका झाला की ती उडे, विजेचे मंडल जुळे आणि विद्युत-अपघटनाने वायू तयार होई. जितका वायू, तितका ठोका. १९२६ साली ग्रॅहम एडगर यांनी इंधनासाठी मोजपट्टी सुचवली : आयसोऑक्टेन म्हणजे १००, नॉर्मल हेप्टेन म्हणजे ०. आज पेट्रोलपंपावर दिसणारा ९१ किंवा ९५ हा ऑक्टेनचा आकडा तिथून आला आहे.

९ डिसेंबर १९२१ रोजी टेट्राएथिल लेडची चाचणी झाली. हजारात एक भागाहूनही कमी पुरे होते आणि ठोका नाहीसा. फेब्रुवारी १९२३ मध्ये डेटनला ते पेट्रोल विकायला आले, ‘एथिल’ या नावाने. शिसे हा शब्द नावातून गाळला होता. अल्कोहोल ठोका थांबवते हे संशोधकांना माहीत होते. पण कोणीही गाळू शकेल अशा पदार्थावर मक्तेदारी मिळत नाही. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतल्या बेवे येथील कारखान्यात शिशाच्या विषबाधेने पाच कामगार दगावले. त्याच महिन्याच्या अखेरीस मिजली यांनी पत्रकारांसमोर या द्रवाने हात धुऊन दाखवले. आदल्याच वर्षी ते स्वतः शिशाच्या बाधेमुळे विश्रांतीसाठी फ्लोरिडाला गेले होते. १९२५ साली थांबलेली विक्री पुढच्या वर्षी पुन्हा सुरू झाली.

एका ठोक्याचे हे बिल पुढे रस्त्याकडेच्या मुलांच्या रक्तापर्यंत पोहोचले. भारतात १ एप्रिल १९९५ पासून मुंबईसह चार महानगरांत शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले आणि १ फेब्रुवारी २००० पासून ते देशभर लागू झाले. मोटारींसाठी शिसेयुक्त पेट्रोल विकणारा शेवटचा देश होता अल्जीरिया. तिथे ते २०२१ साली बंद झाले.

आता घाटात ठोका ऐकू येण्याआधीच इंजिनाच्या ठोकळ्यावर बसवलेला संवेदक तो नाद टिपतो आणि संगणक ठिणगी क्षणभर मागे सरकवतो. जुन्या चालकाचा हात स्टिअरिंगजवळच्या दांडीने हेच करी. पण संवेदकाजवळ एखादा ब्रॅकेट ढिला होऊन खडखडू लागला, तर संगणक त्यालाही ज्वलनाचा ठोका समजू शकतो. ठिणगी उगाच मागे जाते, गाडी ओढेनाशी होते आणि गॅरेजमध्ये इंजिन उघडण्याची भाषा सुरू होते. बोल्ट मात्र ढिलाच राहिलेला असतो.